गुरुनाथकाकांचा सातवा चष्मा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला शनिवारी सकाळी साडेसहाला इंडियन ग्रोसरीच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन बघा. दुकान उघडलेलं नसतं, पण भाजीचे खोके उतरलेले असतात आणि त्या खोक्यांशेजारी सहा मराठी माणसं अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून एकमेकांच्या टायरमध्ये हवा भरत असतात. त्या कपड्यांना शोभेल अशी कंबर एकाचीही नाही, पण सायकली मात्र बघत राहाव्यात अशा. ही मंडळी जॉर्डन लेकपर्यंत जाऊन परत येतात, अडतीस मैल, आणि दहा वाजता त्याच दुकानात इडली खातात.

टोळीचे पुढारी गुरुनाथ हर्डीकर. वय त्रेसष्ट, मूळचे मिरजेचे. वायटूकेच्या, म्हणजे सन दोन हजारच्या कम्प्युटर-गोंधळाच्या वेळी कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं आणि काका इथलेच झाले. जन्मभर डेटाबेस सांभाळले, दीड वर्षापूर्वी रिटायर झाले. माणूस बोलायला कमी, पण सायकलवर बसला की आवाज असा लावायचा की दोन्ही बाजूंच्या घरांतली कुत्री जागी व्हावीत. कारण टोळीचा नियमच तसा होता. पुढच्याने बघायचं, मागच्यांनी ऐकायचं. काकांनी "खड्डा, डावीकडे!" म्हटलं की मागची ओरडायची "खड्डा!", तिच्या मागचा ओरडायचा "खड्डा!", असं शेवटपर्यंत जायचं. तसंच "खडी!" आणि "मागून गाडी!" रस्त्यावरच्या एका चर्चची म्हातारी मंडळी आता या लोकांना हात करून "कड्डा, कड्डा" म्हणतात. त्यांना वाटतं आपल्याकडचा नमस्कारच आहे तो.

काकांच्या बरोबर मागे यामिनी. नागपूरची, वय छत्तीस, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असा धंदा. दोन वर्षांपूर्वी ती नवी आली तेव्हा पहिल्याच महिन्यात एका खड्ड्यात आपटली. कोपर सोलपटलं, हेल्मेट चिरलं. रस्त्याच्या कडेला बसून रडत होती तेव्हा काका शेजारी बसले आणि म्हणाले, "आजपासून माझ्या मागे राहायचं. रस्त्याकडे बघूच नकोस. माझ्या पाठीकडे बघ आणि मी सांगेन ते ऐक."

तेव्हापासून यामिनीने जॉर्डन लेकचा रस्ता पाहिलाच नव्हता म्हणा ना. तिने पाहिली ती काकांची विटकी पिवळी जर्सी, हातभर अंतरावरून, अठरा मैलांच्या वेगाने. तिच्या डोळ्यांवर पेट्रोल पंपावरून उचललेला कसलासा काळा गॉगल असायचा. पाठ बघायला आणखी काय लागतं?

आता चष्म्याचं प्रकरण. गेल्या मार्चमध्ये काका म्हणायला लागले की आपला गॉगल बिघडलाय, रस्ता उठून दिसत नाही. झालं! सहा इंजिनिअर आणि एक प्रश्न. संग्राम कोल्हापूरचा, उत्साहाचा डोंगर. त्याने त्याच दिवशी गूगल शीट बनवली. काचेचा रंग, उजेड किती टक्के आत येतो, फ्रेम नाकावरून घसरते की नाही, घामाने वाफ धरते की नाही. ग्रुपवर तीनशे मेसेज पडले. बायकोचं लग्नातलं नाव ठरवताना यांच्यातल्या एकाने इतका विचार केला नसेल.

पहिला चष्मा आला गडद काळा. काकांनी दोन शनिवार वापरला आणि परत पाठवला. म्हणाले, झाडाखाली शिरलं की अंधारकोठडी होते. दुसरा पोलराइज्ड, म्हणजे चकाकी मारणारा. त्यातून हँडलवरच्या छोट्या कम्प्युटरचा पडदा काळा दिसायला लागला. तोही परत. तिसरा पिवळा, चौथा उन्हात आपोआप गडद होणारा, पाचवा चॉकलेटी. प्रत्येकात काहीतरी खोट निघत होती, आणि शिवाय एक तक्रार सगळ्यांत सारखी होती. "काच वाकडी आहे रे," काका म्हणायचे. "रस्त्याची पांढरी रेघ मध्येच पोट काढल्यासारखी दिसते." अमेरिकेत तीस दिवसांत काहीही परत घेतात आणि आपल्या लोकांनी त्या सोयीचं सोनं केलंय, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. सहावाही परत गेला. संग्रामने शीटमध्ये सहाव्यापुढे लाल रंग भरला आणि लिहिलं, काकांच्या डोळ्यात भरेल असा चष्मा अजून जन्माला यायचाय.

एकानेही म्हटलं नाही की काका, डोळे दाखवा. का म्हणेल? डोळे आणि दात आपण इंडियात गेल्यावर दाखवतो.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती गोष्ट झाली. लेकच्या अलीकडे चार मैलांवर उतार संपतो तिथे एक जुना खड्डा होता, परातीएवढा. काका नेहमीच्या जागी ओरडले, "खड्डा, डावीकडे!" आणि सायकल सफाईने उजवीकडे घेतली. यामिनीनेही घेतली. पण त्या दिवशी तिच्या चपट्या गॉगलवर घाम आला होता, म्हणून तिने तो कपाळावर सरकवला होता आणि सहज खाली नजर गेली. खड्डा नव्हता. तिथे डांबराचं काळंभोर, गुळगुळीत, ताजं ठिगळ होतं. भरलेल्या जागेला वळसा घालून सहा सायकली एकामागून एक गेल्या, आणि सहाजण ओरडले, "खड्डा!"

पुढचे वीस मैल यामिनीने पहिल्यांदाच पाठ सोडून रस्ता पाहिला. काकांची प्रत्येक हाक बरोबर होती. अगदी तळहाताएवढी भेगसुद्धा त्यांनी चुकवली. मग मघाशी काय झालं? नजरचूक म्हणावी, तर नसलेला खड्डा दिसतो कसा?

ती कुणाला काही बोलली नाही. टेस्टरची जात ती. एकदा दिसलेल्या चुकीवर बोंब मारायची नाही, आधी ती पुन्हा घडवून बघायची.

पुढच्या बुधवारी काकांचाच फोन आला. "यामिनी, सायकलच्या दुकानात चलतेस का? सातवा बघू म्हणतो, समोर ट्राय करून. रत्नाला, तुझ्या काकूला, त्यातलं कळत नाही. आणि तूच ने मला. मला हल्ली ड्रायव्हिंगचा कंटाळा येतो." हेही मार्चपासूनचंच, तिच्या लक्षात आलं.

दुकानाची मालकीण लिंडा म्हणून एक पिकल्या केसांची बाई, स्वतः चाळीस वर्षं सायकल मारलेली. तिने पाच चष्मे काढून दिले आणि म्हणाली, बाहेर उन्हात जाऊन बघा, आत बसून चष्मा कळत नाही. काका एकेक चष्मा लावून पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांसमोर उभे राहायचे, मान थोडी तिरकी करायचे, आणि काढायचे. "हाही वाकडा." गुलाबी काचेचा. "हाही." शेवटी यामिनीने स्वतःचा पेट्रोल पंपवाला गॉगल त्यांच्या हातात दिला. "हा लावा."

काकांनी लावला. "बघ, हाही वाकडाच."

"काका," यामिनी म्हणाली. "आता सगळे काढा आणि नुसत्या डोळ्यांनी बघा."

काकांनी गॉगल नाकावर आणखी घट्ट बसवला.

"आमच्याकडे सात वेगवेगळ्या मशीनवर तोच बग आला तर मशीनला दोष देत नाहीत, काका. गेल्या शनिवारी तुम्ही जो खड्डा चुकवलात, तो भरलेला होता."

काकांनी गॉगल काढला, काड्या मिटून तिच्या हातात दिला. कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "डाव्या डोळ्याने मधलं काही दिसतच नाही. उजव्याने दिसतं, पण वितळल्यासारखं. कडेचं सगळं दिसतं गं. झाडं दिसतात, कुंपणं दिसतात. समोर नेमकं जिथे बघायला जावं, तिथे कुणीतरी बोटाने पुसल्यासारखं."

"मग खड्डे? इतके महिने तुम्ही खड्डे सांगताय ते?"

"ते दिसत नाहीत. पाठ आहेत."

काकांनी डोळे मिटले, आणि त्यांचे पाय जागच्या जागी पॅडल मारल्यासारखे हलायला लागले.

"ग्रोसरीतून बाहेर, उजवीकडे. रेल्वेचे रूळ, तिरके घ्यायचे. रुळांपासून नव्वद पॅडलं, गटाराची जाळी, उजवीकडे. चर्चचं पांढरं कुंपण सुरू झालं की बावीस, भेग, लांबट, चाक अडकेल अशी. कुंपण संपलं की खडी, पाऊस झाला असला तरच. मग चढ. चढावर काही नाही, श्वास घ्यायचा. लाल कोठाराची सावली अंगावर आली की चौदा, दोन खड्डे जोडीने, मधून जायचं..."

लिंडाच्या दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. काका बोलत होते. अडतीस मैल. एक टपालपेटी सुटली नाही, एक वळण सुटलं नाही. यामिनीला तिकडचा रस्ता ठाऊक नव्हता, तरी ती त्या आवाजामागून जात राहिली. या माणसाने सहा महिने पाच जणांना त्या रस्त्यावरून नेलं होतं, ओरखडासुद्धा न येऊ देता. म्हणून मार्चपासून काका गिअर बदलत नव्हते तर! गिअर बदलला की पॅडलांचा मेळ चुकतो.

"अरे बाप्पा," ती एवढंच म्हणाली. मग टेस्टर जागी झाली. "पण नवा खड्डा पडला तर?"

काकांनी पाय उचलून बुटाचा तळ दाखवला. सायकलच्या बुटाला खाली प्लास्टिकचा तुकडा असतो, पॅडलमध्ये अडकायला. सायकलवाला चालतो किती? तो तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. काकांचा झिजून पापुद्रा झाला होता.

"शुक्रवारी जातो ना मी. एकटा. सगळा रस्ता हळूहळू. शंका आली तिथे उतरतो, पायाने चाचपतो, खोली बघतो. सहा तास लागतात. रत्नाला वाटतं मी कसल्या रेसची तयारी करतोय. गेल्या शुक्रवारी मी तो खड्डा चाचपून आलो, आणि संध्याकाळी काउंटीची रस्तेदुरुस्तीची माणसं येऊन भरून गेली वाटतं." ते ओशाळं हसले. "भरलेला खड्डा कुणाला पाडत नाही, नाही का?"

यामिनीला हसू आलं नाही. तिला एकाच वेळी त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला आणि त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. "आणि शुक्रवारी रात्री झाड पडलं तर? शनिवारी सकाळी हरीण मध्ये उभं राहिलं तर? काका, मला सात वर्षांची मुलगी आहे! मी तुमच्या पाठीकडे बघून चालवते. तुम्हीच सांगितलं होतंत!"

काका आपल्या झिजलेल्या बुटांकडे बघत राहिले. खरं तर त्यांच्या बाजूला कुठेतरी बघत राहिले, कारण समोरचं पुसलेलं होतं.

"आमच्या वडिलांचं, दादांचं असंच झालं," शेवटी ते म्हणाले. "शेवटची बारा वर्षं मिरजेच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून. कोण आलं, कोण गेलं, विचारत बसायचे. डॉक्टरने सांगितलं की सायकल बंद, मग माझी खुर्ची कुठली ते मला माहीत आहे. म्हणून नाही गेलो. डिसेंबरात मिरजेला जातोय, तेव्हा दाखवीन."

"डिसेंबर?" यामिनी उठलीच. तिने तिथेच उभं राहून फोन लावला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईने पाच आठवड्यांनंतरची वेळ दिली. मग यामिनीने जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. सरळ रेघ वाकडी दिसते आणि सहा महिने झालेत, हे शब्द तिने तीनदा उच्चारले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली.

डॉक्टरीण फटकळ होती पण भली. डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात, म्हणाली. डाव्याचं गेलं ते गेलं. उजव्याला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, त्याने आहे ते धरून ठेवता येईल. डिसेंबरपर्यंत थांबला असता तर धरायला काही उरलं नसतं. रत्नाकाकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी नवऱ्याला आधी पोटभर झापलं, मग त्याचा हात जो धरला तो कारपर्यंत सोडला नाही.

त्या शनिवारी काका पार्किंगमध्ये सायकलशिवाय आले, पायात मात्र तेच सायकलचे बूट. सगळं स्वतःच सांगितलं, अगदी शुक्रवारच्या फेऱ्यांसकट. यामिनी खोक्यांपाशी उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं होतं कुणीतरी भडकेल, आणि भडकायचा हक्कही होता. पण सगळे काकांच्या पायांकडे बघायला लागले. शेवटी संग्राम म्हणाला, "आयला! म्हणजे सहा महिने आम्ही रस्त्यावरून नाही, तुमच्या डोक्यातून चाललो होतो?" आणि त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. हात लावता लावता बुटांचा तळ निरखून घेतला. विश्वास बसत नव्हता त्याचा. मग ते दोघंही डोळे पुसायला लागले आणि बाकीचे टायर दाबून बघायला लागले.

लिंडाच्या दुकानात वरच्या हुकाला एक जुनी जोडसायकल टांगलेली होती, दोन सीटची. तिने ती उतरवून दिली आणि म्हणाली, परत आणायची घाई करू नका. डॉक्टरणीने मागच्या सीटला परवानगी दिली. प्रश्न राहिला पुढे कोण बसणार. सगळ्यांनी यामिनीकडे बघितलं.

"मी? मी रस्ता पाहिलाय कधी? मला फक्त तुमची पाठ माहीत आहे."

"म्हणूनच तुला चष्मा लागेल," काका म्हणाले.

आणि सातवा चष्मा असा यामिनीसाठी घेतला गेला, काकांच्या पसंतीने. पुन्हा लिंडाच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये ती एकेक लावून उभी राहायची आणि काका प्रश्न विचारायचे, डॉक्टरसारखे. "खाली वाक, हँडल धरल्यासारखं. आता भुवयांच्या खालून वर बघ. फ्रेमची कड मध्ये येते? येते ना, मग परत ठेवून दे तो. तुझी मान खाली असणार आणि नजर वर, सगळा रस्ता काचेच्या वरच्या भागातूनच बघायचाय. पोलराइज्ड नको, ओला रस्ता चमकायला हवा, चमक म्हणजे सूचना असते. गडद नको. आता झाडाच्या सावलीत जा, परत ये. सावलीतली भेग दिसली?" शेवटी तिने गुलाबी काचेचा लावला आणि ती खाली वाकून डांबर निरखायला लागली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काका, डांबरात खडे असतात. वेगवेगळ्या रंगांचे. एकेक सुटा दिसतोय."

"हां," काका म्हणाले. "तोच घे." स्वतःला त्यांनी साधा पांढऱ्या काचेचा घेतला. मागच्याला फक्त वारा अडवायचा असतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी टोळी निघाली. जोडसायकल पुढे, चौघं मागे. हँडल यामिनीच्या हातात. पुढे पाठ नव्हती, नुसता रस्ता होता, आणि तो इतका मोठा असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऊन तिरकं होतं, पानांच्या सावल्या डांबरावर हलत होत्या, आणि त्या सावल्यांमधून प्रत्येक भेग स्वच्छ वेगळी दिसत होती. रुळांपासून नव्वदाव्या पॅडलला मागून आवाज आला, "जाळी, उजवीकडे!" आणि जाळी होती. कुंपणापासून बाविसाव्याला भेग होती. लाल कोठाराची सावली अंगावर आली आणि चौदाव्याला दोन खड्डे जोडीने आले, काकांनी पार्किंगमध्ये डोळे मिटून सांगितले होते तसेच, तिथेच, तेवढेच. यामिनीने आनंदाच्या भरात गिअरला हात घातला. "गिअर बदलू नकोस गं," मागून दटावणी आली, "माझी मोजणी चुकते."

उतार संपतो तिथे काळं ठिगळ आलं. "इथला भरला," काका शांतपणे म्हणाले, आणि सायकल ठिगळावरून सरळ गेली.

त्यापुढे अर्ध्या मैलावर, सावलीच्या कडेला, तिला तो दिसला. बशीएवढा, कडा ताज्या, कालपरवा पडलेला. ती वाट बघत राहिली. काका काही बोलले नाहीत. शुक्रवारच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या, त्यांना माहीत असणार कुठून? मग तिला उमगलं की आता ओरडायचं आपणच.

"खड्डा! डावीकडे!"

"खड्डा!" काका तिच्या मागून खणखणीत ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या नंबरवरून. त्यांच्या मागे संग्राम ओरडला, मग बाकीचे. सहाही जण सुखरूप पुढे गेले.

"यामिनी," मागून हळूच विचारणा झाली, "तो कुठे होता नेमका?"

"हिरव्या टपालपेटीनंतर. मी मोजलं नाही, काका."

"असू दे. येताना मोजू," काका म्हणाले, आणि स्वतःशीच पुटपुटायला लागले, "हिरवी टपालपेटी, हिरवी टपालपेटी..."